शालेय मुलींचा आहार आणि दमा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दमा हा श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचा विकार आहे. बालपणी त्याचे प्रमाण मुलांमध्ये अधिक असते; वयात येण्याच्या काळात हे चित्र पालटते आणि पुढे स्त्रियांमध्ये ते अधिक आढळते. त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींचा आहार व दमा यांच्या संबंधाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

संशोधनाचे स्वरूप :
या विषयावरील 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या तिसऱ्या टप्प्यातील आहारविषयक निष्कर्ष 2013 साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 51 देशांतील 13-14 वर्षे वयाच्या 3,19,196 विद्यार्थ्यांच्या माहितीवर ते आधारलेले आहेत. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या किशोरवयीनांत तीव्र दम्याची शक्यता 39 टक्क्यांनी अधिक, तर तितक्याच वेळा फळे खाणाऱ्यांत ती 11 टक्क्यांनी कमी आढळली.

मर्यादा :
अभ्यासाची व्याप्ती निर्विवाद आहे. तथापि आहार व लक्षणे यांची नोंद एकाच वेळी, प्रश्नावलीद्वारे घेतलेली असल्याने कारण कोणते व परिणाम कोणता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. प्रश्नावलीतील फास्ट फूडचा उल्लेख बर्गरसारख्या पदार्थांना अनुसरून आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थिनीने वडापाव वा मिसळ यांची गणना कोठे करावी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. शिवाय फास्ट फूडचा हा संबंध मुलगे व मुली या दोहोंत दिसला. म्हणजेच मुलींमधील वाढत्या दम्याचा उलगडा त्यातून होत नाही. याउलट अमेरिकेतील टूसॉन येथील बालकांच्या दीर्घकालीन पाहणीत (2001) सहा ते अकरा वर्षांच्या दरम्यान वजन प्रमाणाबाहेर वाढलेल्या मुलींत दमासदृश नवी लक्षणे उद्भवण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. मुलांत तसे आढळले नाही. विशिष्ट पदार्थापेक्षा वाढत्या वयातील वजनाचा विचार येथे अधिक अर्थपूर्ण वाटतो.

सामाजिक संदर्भ :
आपल्याकडे दमा असलेल्या मुलीचे केळे, दही, पेरू, लिंबूवर्गीय फळे 'थंड' किंवा 'आंबट' म्हणून सर्रास बंद केली जातात. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी तपासणीने सिद्ध झाली असल्यास तो वर्ज्य करणे योग्यच. परंतु सरसकट पथ्यास असा आधार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. लोहाच्या शोषणास साहाय्यक 'क' जीवनसत्त्व देणारी फळेच अशा मुलींच्या ताटातून काढणे हे दुहेरी नुकसान होय.

निष्कर्ष :
आहार हा दम्यावरील उपचारांना पूरक आहे, पर्याय नव्हे. फळे, भाज्या व समतोल जेवण यांचा आग्रह धरावा. मात्र पथ्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला इनहेलर बंद करणे धोक्याचे आहे. मुलीला काय खाऊ देऊ नये, यापेक्षा तिला पुरेसे खायला मिळते का, हा प्रश्न शाळा व पालक यांनी आधी विचारावयास हवा.