पाणी संपलं की ‘आपले’ कोण? ‘द एक्सपान्स’चा दुसरा सीझन, डीव्हीडीवर

गेल्या मे महिन्यात आमच्या करंजाड्यात सलग तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. त्याच आठवड्यात रस्ता खोदताना कुणीतरी इंटरनेटची केबल तोडली. वाय-फाय गेलं, ओटीटी गेलं, मोबाइलचा डेटा ऑफिसच्या कॉलमध्ये संपायला लागला. तेव्हा कपाटातून एक डबा बाहेर काढला: ‘द एक्सपान्स’, सीझन दुसरा, डीव्हीडी. आतेभाऊ अमेरिकेहून येताना घेऊन आला होता. स्ट्रीमिंगवर हा सीझन मी दोन भाग बघून सोडून दिला होता. (पुढे स्पॉयलर आहेत.)

डिस्क लगेच लागली नाही. डीव्हीडीसाठी जगाचे तुकडे पाडलेले आहेत: अमेरिका-कॅनडा एक, युरोप-जपान दोन, आणि आपण पाचमध्ये, रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेसोबत. लॅपटॉपच्या ड्राइव्हला हा प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो. मोजणी फर्मवेअरमध्येच असते, पाचव्या वेळेनंतर ड्राइव्ह कायमचा त्या प्रदेशाचा. मी एक संधी खर्च करून ‘अमेरिकन’ झालो. कोण कुठे जन्मला त्यावरून त्याला काय मिळणार हे आधीच ठरलेलं, ही तर या मालिकेचीच गोष्ट. ती सुरू व्हायच्या आधीच मला तिचा डेमो मिळाला.

मालिका माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. दोनेकशे वर्षांनंतरचा काळ. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचं राज्य, मंगळ स्वतंत्र आणि लष्करी शिस्तीचा, आणि या दोघांना बर्फ आणि खनिजं पुरवणारे लघुग्रहांच्या पट्ट्यातले मजूर, म्हणजे बेल्टर. पाणी आणि हवा दोन्ही त्यांना मोजून मिळतं. डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे दोघं जेम्स एस. ए. कोरी या नावाने लिहितात, त्यांच्या कादंबऱ्यांवर ही मालिका आहे. सूत्रधार नरेन शंकर भारतीय वंशाचे, कॉर्नेलमधून पीएचडी केलेले इंजिनिअर. यानातले मजले इंजिनाच्या दिशेला आडवे, टॉवरच्या मजल्यांसारखे रचलेले का असतात, हे इथे कुणी भाषण देऊन सांगत नाही. माणसं चालतात त्यावरून कळतं. दुसरा सीझन सायफाय वाहिनीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाला, भाग तेरा.

हे तेरा भाग दर आठवड्याला एक असे बघितले तर जाणवणार नाही, पण डिस्कवर लागोपाठ बघताना शिवण स्पष्ट दिसते. पहिले पाच भाग पहिल्या कादंबरीचा शेवट आहेत. पाचव्या भागात, ‘होम’मध्ये, एरॉस नावाचा अख्खा लघुग्रह पृथ्वीकडे निघतो आणि मिलर हा थकलेला पोलीस त्याच्या पोटात एका मुलीला समजावत बसतो. साय-फाय मालिकांमधला इतका शांत क्लायमॅक्स मी दुसरा पाहिलेला नाही. मग सहाव्या भागापासून दुसरी कादंबरी सुरू होते आणि गाडी पहिल्या गिअरवर येते. नवी माणसं, नवं ठिकाण, नवा राक्षस. मी पूर्वी याच्याही आधी कंटाळून सोडलं होतं. या वेळी सोडायला दुसरं काही नव्हतं म्हणून बघत राहिलो.

सहाव्या भागात एक फ्लॅशबॅक आहे. सॉलोमन एपस्टाइन नावाचा मंगळावरचा इंजिनिअर स्वतःच्या यानाच्या इंजिनात बदल करतो आणि एकटाच टेस्ट करायला निघतो. बदल अपेक्षेपेक्षा भलताच यशस्वी होतो. वेग इतका वाढत जातो की त्याचा हात बंद करायच्या बटणापर्यंत पोचत नाही. माणूस मरतो, यान चालतच राहतं, आणि त्याच इंजिनामुळे पुढे सगळी सौरमाला माणसाला मोकळी होते. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकणाऱ्या प्रत्येकाने हा भाग बघावा.

पण मी हे लिहायला बसलो ते आठव्या भागामुळे. ‘पायर’ त्याचं नाव. गॅनिमीड या गुरूच्या चंद्रावर सौरमालेची शेती चालते. वर लढाई होते, सूर्यप्रकाश देणारे आरसे कोसळतात, लोक निर्वासित होतात. प्रॅक्स हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याची मैत्रीण डॉरिस एकाच जहाजात असतात. ती मंगळाची आहे. बेल्टर खलाशी पृथ्वी-मंगळवाल्यांना वेगळं काढतात, दुसऱ्या जहाजात पाठवतो म्हणून सांगतात. आणि एअरलॉक उघडतात. प्रॅक्सला ती खिडकीतून बाहेर तरंगताना दिसते. पार्श्वसंगीत अंगावर येत नाही, कॅमेरा रेंगाळत नाही. खलाशी पुढच्या कामाला लागतात. बेल्टरांच्या बोलीत ‘आपण’ला बेल्टालाउडा म्हणतात आणि ‘त्यांना’ इन्यालाउडा. मरायला एवढे दोन शब्द पुरतात.

त्या दुपारी आमच्याकडे टँकर आला होता. आमची बिल्डिंग ज्या प्लॉटवर आहे तो नवी मुंबई विमानतळात जमीन गेलेल्या कुटुंबांना साडेबावीस टक्के योजनेत मिळालेला. दहा गावं उठली, उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. म्हणजे बिल्डिंगमध्ये दोन प्रकारचे लोक: जमिनीचे मूळ मालक, आणि माझ्यासारखे कर्ज काढून आलेले. आधी कुणाची टाकी भरायची यावरून व्हॉट्सॲपवर भांडण झालं. मी लिहिलं, “पैसे मिळाले, फ्लॅट मिळाले, आता पाणीही आधी तुम्हालाच का?” अकरा जणांनी अंगठा दिला. संध्याकाळी ‘पायर’ बघितला.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. तिथे माणसं मेली, इथे एक मेसेज गेला. पण मालिका बघताना मी सीझनभर बेल्टरांच्या बाजूने होतो, आणि घरात मात्र इन्यालाउडा निघालो. आणि त्याच वेळी डॉरिसला बाहेर टाकणारेही बेल्टरच आहेत, हे या भागाचं खरं धाडस. अन्याय सोसलेला माणूस आपोआप चांगला होत नाही, आणि तो चांगला नाही म्हणून त्याच्यावरचा अन्याय खोटाही ठरत नाही. इतक्या गुंत्यात टीव्ही सहसा शिरत नाही.

दहाव्या भागात प्रॅक्स आणखी एक गोष्ट समजावतो. स्टेशन दिसायला चालू आहे, पण झाडं पिवळी पडतायत. एक गोष्ट बिघडली की तिच्या जागी दुसरी वापरायची, त्याने तिसरी बिघडते. व्यवस्था गुंतागुंतीची आहे पण जंगलाइतकी नाही, म्हणून ती सावरू शकत नाही. नळ, टँकर, बोअर, बाटल्या, असा आमचा क्रम मला तेव्हा आठवला.

दोष आहेतच. होल्डन हा नायक अर्धा सीझन जबडा आवळून फिरतो. शेवटच्या भागात यानात शिरलेला निळा राक्षस व्हिडिओ गेममधला वाटतो. त्याच भागात शुक्राच्या वातावरणात एका यानाचा भाग न् भाग सुटा होऊन तरंगतो, ते दृश्य कितीतरी जास्त भीती घालतं. आणि डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ४८०. पात्रांच्या हातातल्या स्क्रीनवरचा मजकूर वाचता येत नाही. शक्य असेल तर ब्लू-रे घ्या. पुढे वाहिनीने मालिका २०१८ मध्ये, तिसऱ्या सीझननंतर रद्द केली, चाहत्यांनी मोहीम चालवली आणि ॲमेझॉनने ती सहा सीझनपर्यंत नेली. डब्याला मात्र कुणाच्या लायसन्सची मुदत लागू नाही.

मंगळाची सैनिक बॉबी पृथ्वीवर येते तेव्हा तिला एकच गोष्ट बघायची असते, समुद्र. पहाऱ्यातून निसटून, जड गुरुत्वाकर्षणात पाय ओढत ती तिथपर्यंत जाते. हा प्रसंग मी तळमजल्यावरच्या काकांसोबत दुसऱ्यांदा पाहिला. केबल अजून तुटलेलीच होती, त्यांच्या नातवाला काहीतरी बघायचं होतं. काका चिंचपाड्याचे. बॉबी पाण्याकडे बघत उभी होती तेव्हा ते म्हणाले, “आमची खाडी व्हती तिकडं. आता रनवे हाय.” एवढंच. मग त्यांनी विचारलं, माझा ड्रम भरला का.

तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत तोपर्यंत संपली होती. मी त्याच्याखाली माफी लिहिली. तिला तीन अंगठे आले.