चंद्र नको, चष्मा हवा

ज्याँ-दोमिनिक बोबी हे फ्रान्समधील ‘एल’ मासिकाचे संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांच्या मस्तिष्कस्तंभावर पक्षाघाताचा आघात झाला. सुमारे वीस दिवसांनी शुद्ध आली तेव्हा बुद्धी शाबूत होती, पण वाचा गेली होती. हुकमी हलवता येत होती ती प्रामुख्याने डाव्या डोळ्याची पापणी. तिच्या उघडझापीतून त्यांनी क्लोद मांदिबिल यांना एक पुस्तक सांगितले. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच बोबी वारले. इंग्रजीत ते ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ या नावाने आले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र पाणबुड्याचा जड पोशाख असा आहे. अंगालाच जखडलेली कैद ही कल्पना इंग्रजी नावात निसटली आहे.

पुस्तक लहानसे आहे आणि त्यात रडगाणे नाही. शिक्षकांनी मुळाक्षरांवरचे प्रकरण तर अवश्य वाचावे. समोरचा माणूस एकेक अक्षर उच्चारत जातो आणि हवे ते अक्षर आले की बोबी पापणी मिटतात. ही अक्षरे ए-बी-सी-डी अशी नसून फ्रेंचमधील वापराच्या क्रमाने लावलेली होती : ई, एस, ए, आर, आय, एन... याने किती फरक पडतो? चष्म्यासाठीचा फ्रेंच शब्द ‘ल्युनेत’ आठ अक्षरांचा आहे. नेहमीच्या क्रमाने तो लिहायला ११६ अक्षरे उच्चारावी लागतात. बोबींच्या क्रमाने ४१ पुरतात.

पण ऐकणारा उतावळा असेल तर हे गणितही हरते. बोबी चष्मा मागत होते. पहिली चार अक्षरे होताच समोरच्याने ‘ल्युन’ म्हणजे चंद्र असे ठरवले आणि चंद्राचे काय करणार म्हणून विचारले! अंदाज करायला हरकत नाही, पण ‘हेच ना?’ असे विचारून होकार घेतलाच पाहिजे.

पुस्तकाची एक उणीव सांगितली पाहिजे. बोबींजवळ घडलेली भाषा होती, म्हणून अक्षरतक्ता चालला. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाला तो पुरणार नाही. त्याला चित्रे, वस्तू, खुणा लागतील. कोणते साधन योग्य हे ठरवण्यापूर्वी काय तपासावे, याबद्दल पुस्तकात फारसे काही नाही. मुलाला दिसते-ऐकू येते किती? न थकता हुकमी होणारी हालचाल कोणती? समजते काय, सांगायचे काय आहे? आणि त्याच्याभोवती थांबून ऐकणारे कोण आहेत? शेवटचा प्रश्न आपल्या परीक्षेचा आहे. ‘आधी हुशारी दाखव, मग तक्ता देऊ’ हा न्याय उलटा आहे. साधनच नसेल तर हुशारी दिसणार कशी?

मराठीत आपल्याला एक सोय आयतीच आहे. ‘क’ पासून मोजत गेल्यास ‘म’ पंचविसावा येतो. आधी वर्ग आणि मग त्यातले अक्षर विचारले तर पाच अधिक पाच, दहा प्रश्नांत सापडतो. काना-मात्रांसाठी वेगळी ओळ ठेवावी. वर्गात मुलांच्या जोड्या करा. एकाने न बोलता, फक्त पापणीने ‘चष्मा’ मागायचा. कोण मध्येच चंद्र देतो ते पाहा.