ख्रिस्ती श्रद्धेतील प्रेम, नियम आणि कृपा : एक बौद्ध परीक्षण

ख्रिस्ती धर्म कृपेचा आणि बौद्ध धम्म स्वप्रयत्नाचा, असे एक सोयीचे विधान आपल्या व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार केले जाते. हे विधान अगदीच चुकीचे नाही. परंतु ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत आधी त्याच्या अनुयायास मान्य होईल अशा शब्दांत मांडावे, हा विवेचनाचा पहिला दंडक होय. त्या कसोटीवर आपले विधान कितपत टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी बायबलातील 'नियमशास्त्र', 'कृपा' आणि 'प्रीती' हे शब्द अनुक्रमे नोमोस, खारिस आणि अगापे या ग्रीक शब्दांसाठी योजिलेले आहेत. नोमोस हा हिब्रू 'तोरा'चा अनुवाद. आणि तोरा म्हणजे केवळ कायदा नव्हे, तर शिकवण. खारिस या शब्दात विनामूल्य देणगीचा अर्थ प्रधान आहे. मराठी 'कृपा' शब्दास मात्र धन्याच्या मेहेरबानीचा वास येतो. ज्या समाजाने मेहेरबानी नाकारून हक्क मागितला, त्याच्या कानास हा शब्द खुपावा हे स्वाभाविकच आहे. तथापि भाषांतराचा दोष मूळ विचाराच्या माथी मारता येणार नाही.

मूळ विचार पौलाचा. इ. स. 57 च्या सुमारास रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, नियम चांगले काय ते दाखवितो, पण तसे वागण्याचे बळ देत नाही; चांगले कळूनही माणसाच्या हातून वाईटच घडते. म्हणून ईश्वराची देणगी आधी, तिच्यातून प्रेम, आणि प्रेमातच नियमाची पूर्तता, असा त्याचा क्रम आहे. मग पाप करीत राहावे काय, हा आक्षेप तो स्वतःच उपस्थित करतो आणि ठामपणे फेटाळतो. यहुदी धर्म म्हणजे पुण्य साठवून तारण विकत घेण्याचा व्यवहार, ही कल्पनाही ई. पी. सँडर्स यांच्या 1977 च्या ग्रंथानंतर टिकणारी नाही. कराराची देणगी आधी व नियमपालन नंतर, हाच क्रम त्यांनी तत्कालीन यहुदी वाङ्मयातही दाखवून दिला.

कृपेच्या दुरुपयोगावरील सर्वांत कठोर टीका ख्रिस्ती माणसानेच केलेली आहे. डिट्रिश बॉनहोफर यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' ही संज्ञा वापरली. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि अनुसरणाशिवाय श्रद्धा, असा तिचा आशय. जर्मनीतील चर्चचा एक मोठा गट हिटलरच्या वंशवादास शरण गेला होता, त्या काळातील हे लेखन आहे. 9 एप्रिल 1945 रोजी बॉनहोफर यांना फासावर चढविण्यात आले. कृपेचा सिद्धान्त माणसास निष्क्रिय करतोच, असे या मृत्यूनंतर म्हणता येत नाही.

आता मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्त पाहू. गुराखी व वाटसरू परोपरीने अडवीत असतानाही तथागत एकटेच त्या खुनी दरोडेखोराच्या वाटेने जातात. अंगुलिमालाने त्यांना बोलाविलेले नाही, त्याची तशी योग्यताही नाही. न मागता आलेल्या या भेटीस पालीत अनुकंपा म्हणतात. प्रेम येथे आहे. नियमही आहे, कारण राजा पसेनदी पाचशे घोडेस्वारांसह त्याच्या शोधार्थ निघालेला आहे. आणि पुढे लोकांनी कुरकूर केल्यावर कुप्रसिद्ध चोरास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाल्याचे विनयातील महावग्ग सांगतो. तेव्हा आपल्याकडे केवळ स्वप्रयत्नच आहे, हे म्हणणे सुत्ताच्याच साक्षीने अपुरे ठरते.

खरा भेद पुढे आहे. अंगुलिमाल अर्हत होतो, पण भिक्षाटनास जाताच दगड लागून त्याचे डोके फुटते, पात्र भंगते, चीवर फाटते. तथागत त्याला ते सहन करण्यास सांगतात. अनुकंपेने मार्ग दिला, कर्माचा हिशेब पुसला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले, त्याचे मर्म हेच आहे. दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. कुंभाराने एकाच मातीतून हवी तशी भांडी घडवावीत, तशी ईश्वराची निवड असते, असे पौल त्याच पत्रात सुचवितो आणि ऑगस्टिन तो विचार टोकास नेतो. देणगी जर निवडक असेल, तर ज्याला ती मिळाली नाही त्याला जबाबदार कसे धरावयाचे? अंगुत्तरनिकायातील तित्थायतन सुत्तात ईश्वरनिर्मितीच्या मतावर हाच आक्षेप घेतलेला आहे : सर्व काही ईश्वराकडून घडत असेल, तर करावे आणि करू नये यांतील भेदच उरत नाही. या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर ख्रिस्ती विचारात आढळत नाही, असे आमचे मत आहे.

परंतु परीक्षण येथे थांबविले तर ते अर्धेच राहील. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे लाखोंनी दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. ती दीक्षा आपल्यासाठी पूर्वजांची देणगी आहे. आपण ती कमाविलेली नाही. त्या देणगीवर आपण पंचशील न पाळता बौद्ध म्हणवून घेत असू, विहारात वंदना म्हणून घरी सोयरीक जुळविताना पोटजात विचारीत असू, तर ती आपल्या घरची 'स्वस्त कृपा' नव्हे काय? ख्रिस्ती मंडळीत जाती शिल्लक राहिल्या म्हणून आपण पौलाला जाब विचारतो. तोच जाब आपल्यालाही द्यावा लागेल; आणि आपला हिशेब पुसणारा कोणी नाही, हे तर आपलेच तत्त्वज्ञान आहे.