उताऱ्यावरील प्रश्न : आकलन कोणाचे तपासले जाते?



उताऱ्याखालचे प्रश्न सोपे वाटतात, कारण उत्तर समोरच छापलेले असते. तरीही गुण तिथेच जातात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील 'सीसॅट' घ्या : २ तास, ८० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. उत्तरे फक्त उताऱ्याच्या आधारे द्या, अशी सूचना असते. ती वाचतात सगळे, पाळतात थोडे.

सरावासाठी एक उतारा :

"दिल्लीतल्या काही वस्त्यांजवळ मेट्रोचे स्थानक आहे, पण तिथवर जायला रिक्षा मिळत नाही. तिथले बरेच लोक स्वतःच्या गाडीनेच कामावर जातात. म्हणून नवी स्थानके बांधताना रिक्षांचे थांबेही आखावेत."

१. तथ्य : लोक कामावर कसे जातात? उत्तरावर बोट ठेवता येते.

२. निष्कर्ष : स्थानक जवळ असले की सगळे मेट्रोनेच जातात असे नाही. हे लिहिलेले नाही, पण लिहिलेल्यातून निघते.

३. गृहीतक : रिक्षा मिळाली तर यांतले काही जण मेट्रोने जातील. खात्रीसाठी विधान उलटे करा : 'रिक्षा मिळाली तरी कोणीही मेट्रोने जाणार नाही.' आता लेखकाची सूचना कोसळते. म्हणजे गृहीतक सापडले.

'मेट्रोमुळे प्रदूषण घटते' हा पर्याय कितीही खरा वाटला तरी सोडा. उताऱ्यात प्रदूषणाचा शब्दही नाही.

४. सार : इथे माझा आक्षेप सुरू होतो. 'स्थानकासोबत रिक्षाथांबेही हवेत' आणि 'स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोयही हवी' असे दोन पर्याय आले, तर दुसरा निवडणारा वाईट वाचक म्हणायचा का? वर्गात तो आपली बाजू मांडू शकतो. चार गोलांच्या उत्तरपत्रिकेत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठी विद्यार्थ्याचे आकलन परक्या भाषेतून मोजले जाते. हिंदी अनुवादाची तऱ्हाही सर्वांना ठाऊक आहे. २०१४ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा बोजड अनुवाद हीच एक मोठी तक्रार होती. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी धरले गेले नाहीत; २०१५ पासून हा पेपर ३३ टक्क्यांचा, केवळ पात्रतेपुरता झाला. पण उंबरठा ओलांडताना अडखळणारा आजही त्याच भाषेत अडखळतो.

परीक्षा बदलेपर्यंत दोन सवयी लावा. पर्याय पाहण्याआधी उत्तर मनात मराठीत मांडा. हिंदी वाक्य विचित्र वाटले, तर लगेच शेजारचे इंग्रजी वाक्य वाचा. आणि गुण कमी पडले म्हणून आपल्याला वाचता येत नाही, असा निष्कर्ष काढू नका. तो उताऱ्यातून निघत नाही.