गाठी कोण तयार करते?

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचा पाठ शिकवताना फळ्यावर बहुधा एकच वाक्य येते : 'रायझोबियम जिवाणू मुळांत शिरून गाठी तयार करतात व हवेतील नत्र स्थिर करतात.' वाक्याचा उत्तरार्ध बरोबर आहे. तक्रार आहे ती पूर्वार्धाबद्दल. घर बांधल्याचे श्रेय तेथे भाडेकरूला दिलेले आहे.

जिवाणूचे काम दारावर थाप देण्याचे. मुळांतून पाझरणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये ओळखून तो 'नॉड घटक' नावाचा रेणू सोडतो. कायटिनसारखी लहान साखळी आणि तिला जोडलेले मेदाम्ल, अशी त्याची रचना १९९० साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी उलगडली. हा रेणू ओळखणारी ग्राहक प्रथिने मात्र वनस्पतीची असतात. त्यांची जनुके २००३ साली 'लोटस जॅपोनिकस' या वनस्पतीत सापडली. (नावावरून फसू नये, हे कमळ नव्हे, शेंगा धरणारे लहानसे रोप आहे.) संकेत पोहोचला की पेशीकेंद्रात कॅल्शियमचे प्रमाण तालबद्ध रीतीने वरखाली होऊ लागते. हा ताल वाचणारे एक प्रथिन पुढची जनुके जागी करते आणि मुळाच्या पेशी विभागू लागतात.

२००६ साली या वाचक प्रथिनात असा बदल आढळला, की ते संकेतावाचूनच कार्यरत राहते. अशा रोपांच्या मुळांवर एकही जिवाणू नसताना गाठी आल्या! त्यांत नत्र स्थिर होत नव्हते, हे उघड आहे. पण गाठ बांधण्याचा आराखडा वनस्पतीजवळच असतो, हे सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप 'मैत्री' या उपमेला आहे. तिच्यामुळे हिशेब झाकला जातो. प्रत्येक गाठीसाठी झाडाला साखर मोजावी लागते, म्हणून संख्येवर नियंत्रण हवे. पहिल्या गाठी धरू लागताच मुळांतून एक लहान पेप्टाइड पानांकडे जाते. तेथील ग्राहक प्रथिन ते ओळखते आणि 'आता पुरे' असा निरोप मुळांना मिळतो. हे ग्राहक प्रथिन बिघडलेल्या रोपाचा शेंडा निरोगी मुळावर कलम केला, तर त्या मुळावर गाठींची गर्दी होते. म्हणजे मुळावरच्या गाठी मोजतात ती पाने! जमिनीत नायट्रेट भरपूर असले, तरीही झाड गाठी कमी करते.

तिसरी गोष्ट नेहमीच्या आकृतीची. जिवाणू वाकलेल्या मूलरोमातून शिरताना दाखवतात, पण आपल्या भुईमुगात ते उपमुळे फुटताना पडलेल्या फटींतून शिरतात.

नववीच्या वर्गात ग्राहक प्रथिने शिकवा, असे कोणी म्हणणार नाही. पाठ सोपा हवाच. मात्र सोपे करताना चूक होऊ नये. 'जिवाणूच्या संकेतावरून वनस्पती गाठी तयार करते व त्यांची संख्याही तीच ठरवते,' हे वाक्य पहिल्याइतकेच सोपे आहे.

पडताळा वर्गातच घेता येईल. एकाच शेतातील माती भरलेल्या दोन कुंड्यांत मूग पेरावा व एकीत अधूनमधून चिमूटभर युरिया विरघळवून घालावा. पाच आठवड्यांनी रोपे हळूच उपटून, मुळे धुऊन मुलांनी गाठी मोजाव्यात. फरक दिसला, तर तो कोणी ठरवला, हा प्रश्न मग त्यांनाच विचारावा.