चूक, वाटा आणि हात : ईडिपसच्या जबाबदारीसंबंधी

शोकात्मिकेच्या नायकाचा अधःपात त्याच्या स्वतःच्या कृतीमुळे होतो की नियतीमुळे, हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय समीक्षेत वारंवार चर्चिला जातो. सोफोक्लीझच्या 'राजा ईडिपस' या नाटकापुरते पाहिले, तर त्याचे उत्तर बहुधा दोन टोकांना जाऊन दिले जाते. एक पक्ष नायकाचा संतापी व उतावळा स्वभाव पुढे करून त्याला दोषी ठरवितो. दुसरा त्याला नियतीच्या हातचे बाहुले मानतो. ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली या नाटकाविषयीच्या गैरसमजांवर लिहिलेल्या निबंधात दोन्ही मतांचे साधार खंडन केले. तरीही आपल्याकडे ती टिकून आहेत. याचे एक कारण आपल्या परिभाषेतच दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम 'हामार्तिया' ही संज्ञा घेऊ. 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो की, नायकाचा पात दुष्टपणामुळे नव्हे, तर कोणत्यातरी हामार्तियामुळे व्हावा. आणि उदाहरण म्हणून तो ईडिपसचेच नाव घेतो. मराठीत या संज्ञेसाठी 'प्रमाद', 'स्वभावदोष' असे शब्द रूढ झाले. 'प्रमादा'त अनवधान गृहीत आहे आणि 'स्वभावदोषा'त तर निर्णयच देऊन टाकलेला आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र नेम चुकणे असा आहे. होमरच्या काव्यात भाल्याचा नेम चुकतो तेव्हा तेच क्रियापद येते. आपल्या साध्या 'चुकणे' या क्रियापदाचा अर्थविस्तार नेमका असाच आहे. नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो. शिवाय याच धातूपासून 'चुकविणे' हे प्रयोजक रूप होते. आपल्या हातून पित्याचा वध होईल हे डेल्फीचे भाकीत चुकविण्यासाठी ईडिपस कॉरिंथ सोडतो, आणि ते चुकविण्याच्या खटपटीतच त्याची वाट चुकते. यात अनवधान नाही. उलट, कमालीची सावधगिरी आहे. आपले खरे आईबाप कोण, हे त्याला ठाऊक नाही, एवढीच त्याची चूक.

दुसरा शब्द 'मोइरा'. याचे भाषांतर 'प्रारब्ध' असे करताच आपण नकळत एक नैतिक हिशेब नाटकात आणतो. प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ. म्हणजे भोगणारा हाच कधीतरी कर्ता होता, असे त्यात गृहीत धरलेले असते. 'मोइरा' या शब्दाचा मूळ अर्थ 'वाटा' असा आहे, आणि हा वाटा कोणत्याही पूर्वकृत्याची भरपाई नसतो. लेयसच्या पूर्वापराधाची कथा ग्रीक परंपरेत आहे, पण सोफोक्लीझने या नाटकात तिचा आधार घेतलेला नाही. जे ईडिपसच्या वाट्याला आले, ते का आले, याचे उत्तर नाटक देत नाही. ते उत्तर आपण पुरविणे म्हणजे दुःखी माणसाच्या दारी जाऊन त्याच्या पापाची चौकशी करण्यासारखेच होय.

मग जबाबदारी उरतच नाही काय? येथे तिसरा शब्द उपयोगी पडतो. 'माझ्या हातून अपराध घडला' या मराठी वाक्यात अपराध हा कर्ता होतो आणि माणूस 'हातून' या रूपाआड उभा राहतो. आपण अशी रचना बहुधा जबाबदारी हलकी करण्यासाठीच वापरतो. ईडिपस हाताचा उल्लेख नेमका उलट हेतूने करतो. डोळे फोडून घेतल्यावर, कोणत्या देवाने हे करविले, असे वृंद विचारतो. तेव्हा तो आपल्या दुःखांचे कारण म्हणून अपोलोचे नाव घेतो, पण प्रहार करणारा हात आपला, दुसऱ्या कोणाचाही नव्हे, असे बजावतो. पुढे 'कॉलोनस येथील ईडिपस' या नाटकात पितृवध व मातृविवाह यांविषयी तो सांगतो की, ती कृत्ये त्याने केली यापेक्षा त्याला भोगावी लागली, असेच म्हणणे योग्य. अजाणतेपणामुळे आपण कायद्याच्या दृष्टीने शुद्ध आहोत, असाही त्याचा दावा आहे. अथेन्सच्या कायद्यातही बुद्धिपुरस्सर व अबुद्धिपुरस्सर हत्येत भेद होता. म्हणजे ईडिपस जबाबदारी टाळत नाही, तर ती विभागतो : हे भोगले, हे केले.

यावर दोन आक्षेप संभवतात. तिवाठ्यावर त्याने रागाच्या भरात माणसे मारलीच ना? मारली, पण आधी त्याला वाटेवरून ढकलण्यात आले आणि रथातील वृद्धाने त्याच्या डोक्यावर पराणीचा घाव घातला. शिवाय राग कितीही निंद्य मानला, तरी त्यामुळे अनोळखी माणूस पिता ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की, ईडिपस आंधळा होईल, हे टायरेसिअसने आधीच सांगितले होते. खरे आहे; परंतु कोणाच्या हाताने, हे त्याने सांगितले नव्हते. राजवाड्यातून येणारा दूतही या अखेरच्या दुःखांना स्वेच्छेने ओढवून घेतलेली म्हणतो. सत्यशोधनाचेही तसेच. टायरेसिअस, जोकास्टा आणि वृद्ध धनगर या तिघांनीही त्याला थांबविण्याचा यत्न केला. थांबणे शक्य होते. पण थीब्ज नगरीवरील मरीचे कारण शोधण्याचे वचन देऊन बसलेला राजा थांबला नाही.

हा निष्कर्ष प्रत्येक शोकात्म नायकास लागू करता येणार नाही. 'एकच प्याला'तील सुधाकराला पहिला पेला नाकारणे शक्य होते. तेथे दोषाची भाषा सार्थ आहे. ईडिपसला तीच भाषा लावली की नाटक नीतिकथा बनते, आणि सर्व भार नियतीवर टाकला की ती नुसती एक दुर्घटना उरते. जे वाट्याला आले त्याचा अपराधी तो नाही. परंतु ते वाट्याला आल्यावर त्याने जे केले, त्याचा कर्ता तोच आहे. दोष आणि कर्तृत्व यांतील हे अंतर राखणे, हे या नाटकाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय. आणि त्यासाठी लागणारे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात पूर्वीपासूनच आहेत.