‘वन’ ही संज्ञा आणि कर्बसंचयाचे गणित

भारतीय वन सर्वेक्षण या डेहराडून येथील संस्थेच्या २०२१ च्या वनस्थिती अहवालात देशातील वनांचा कर्बसंचय ७,२०४ दशलक्ष टन दिला आहे. त्यातील निम्म्याहून अधिक मातीत आहे. या आकड्यामागील गणिती प्रतिमानाची परीक्षा वनशास्त्रज्ञ करतीलच. भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो तो त्याच्या पायाशी असलेला शब्द.

अहवालाच्या व्याख्येनुसार, किमान एक हेक्टर क्षेत्र व किमान १० टक्के वृक्षछत्र असले की ते ‘वनाच्छादन’ होय. मालकी, कायदेशीर दर्जा आणि वृक्षजाती यांचा विचार तीत नाही. उपग्रहचित्रावरून देशभर एकाच मापाने मोजावयाचे तर अशी व्याख्या अपरिहार्य, हे मान्य केले पाहिजे. तथापि ती कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर लावून पाहिली म्हणजे तिची मर्यादा ध्यानात येते.

येथील बोलीत सगळे रान एक नव्हे. देवराई निराळी, नाचणी-वरीची दळी निराळी, राबाचे रान निराळे. फार्महाऊसभोवतीची आमराई तर रान नव्हेच. व्याख्येच्या लेखी मात्र हेक्टरभर आमराई वन ठरते, आणि छत्र विरळ असलेली दळी वगळली जाते.

राबाचे उदाहरण अधिक बोलके आहे. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्याकरिता ऐनाच्या फांद्या वरचेवर छाटतात. क्षेत्रपाहणीत वृक्षाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजून सूत्राने घनफळ काढतात. छाटलेल्या ऐनाचा घेर शाबूत असतो, फांद्या नसतात; न छाटलेल्या वृक्षांवरून बसविलेले सूत्र त्यास लावल्यास संचय वाजवीपेक्षा अधिक दिसेल. बोलीने एका शब्दात राखलेला भेद सूत्रात असा गळून पडतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त संचय वृक्षाच्छादनातून साधण्याचा संकल्प भारताने २०१५ साली जाहीर केला. अशा वेळी नकाशावर उघडी दिसणारी दळी ‘रिकामी’ समजून तेथे वृक्षारोपण सुचविणे सोपे असते. परंतु ती पिढ्यानुपिढ्या कसणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क मागण्याचा मार्ग दिला आहे. ज्या जमिनीस बोलीत नाव आहे, ती रिकामी कशी म्हणावी?

प्रतिमान त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. नमुना-क्षेत्रे निवडताना राब, दळी व देवराई हे स्वतंत्र वर्ग मानावेत, आणि ते ओळखण्याचे काम ज्यांचे हे शब्द आहेत त्यांच्या साहाय्याने व्हावे. मोजण्यापूर्वी नाव नीट ठेवणे, हाही शास्त्राचाच भाग आहे.